कंपनीच्या नावाची सव्वा मूठ

आयुष्यात मला एकच पद मिळालं आणि ते धुण्याच्या पावडरीनं दिलं. 'महिला विभाग प्रतिनिधी'. त्याचा बिल्ला होता. बिल्ल्यावर हिरवा पोपट, पोपटाच्या चोचीत बादली. पोपट कपडे कधीपासून धुवायला लागला, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मला तेव्हा कुठलेच प्रश्न पडत नसत. तिशी नुकतीच ओलांडलेली, मॅट्रिक पास, धुळ्याच्या देवपुरात राहणारी मास्तरांची बायको. हातात लाटणं आणि डोक्यात हवा. बिल्ला पदराला लावून मी भाजीला जायची, दळणाला जायची, एकदा तर एका मयतीलाही गेले. झोपताना तेवढा काढून ठेवायची, टोचायचा म्हणून.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. तोपर्यंत आमच्या गल्लीत धुण्याची पावडर सुटी मिळे. घरून डबा न्यायचा, दुकानदार मापानं ओतायचा, डबा घरी आणायचा. मग ही कंपनी आली आणि तिनं तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या. कंपनीचं नाव राहू द्या, आम्ही तिला पोपटवालीच म्हणायचो.

आम्हा प्रतिनिधींचं शिबिर जळगावला एका मंगल कार्यालयात झालं. टाय लावलेला तरुण साहेब व्यासपीठावर उभा राहिला आणि म्हणाला, "कंपनी म्हणजे एक कुटुंब आहे. आजपासून तुम्ही सगळ्या या कुटुंबाच्या लेकी!" मी चक्क डोळे पुसले. माझ्या शेजारी चाळीसगावची एक बाई बसली होती. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, जेवण कधी वाढतील हो हे?" किती बाई ही व्यवहारी, असं वाटून मी खुर्ची थोडी बाजूला सरकवली. आज ती भेटली तर मी तिच्या पाया पडेन.

गल्लीत माल फिरवायला निघाले त्याच दिवशी शेजारच्या वहिनींनी पिशवी उलटीपालटी करून विचारलं, "आणि रिकामी झाल्यावर हिचं काय करायचं गं?"

डब्याच्या काळात हा प्रश्नच नव्हता. शिबिरात यावर कोणी काही बोललं नव्हतं. पण 'मला माहीत नाही' हे वाक्य बिल्ल्याला शोभणारं नव्हतं. माझं माहेर यावलकडचं, केळीच्या गावचं. तिथे माझ्या भावाचं सोड्याचं दुकान. सोडा पिऊन झाला की बाटली दुकानात, दुकानातून खोक्यात, खोक्यातून परत कारखान्यात. बाटली कारखान्याची, सोडा आपला. लहानपणापासून पाहिलेलं. मी ठणकावून सांगितलं, "कंपनी परत नेणार ना!"

"खरंच?"

"म्हणजे काय! पिशवीवर नाव कोणाचं आहे? तुमचं की कंपनीचं?"

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पुढे म्हणाले, "फक्त धुवून, वाळवून, घडी करून ठेवायच्या. पोपट वर दिसला पाहिजे."

हा पोपटाचा नियम मी कुठून काढला, देव जाणे. पण गल्लीनं तो पाळला. बायका पिशव्या उलट्या करून धुवायच्या. आतली पावडर निघाली, तरी बाहेरचे तेलाचे, हळदीचे डाग निघत नसत, मग त्यासाठी पोपटाचीच पावडर लागे. पावडर लवकर संपे, की नवी पिशवी येई, की तीही धुतली जाई. खप इतका वाढला की जळगावहून माझ्या अभिनंदनाचा निरोप आला. दोरीवर साड्यांच्या बरोबरीनं ओळीनं पोपट लटकू लागले. गल्लीत नवा माणूस आला की विचारायचा, "तुमच्याकडे आज काय आहे?"

वाळलेल्या पिशव्या पोत्यांत भरून आमच्या स्लॅबवर. प्रतिनिधी मी, तेव्हा गोदामही माझंच. माल टाकायला कंपनीची जीप आली की मी ड्रायव्हरला विचारी, "रिकाम्या कधी नेणार?" तो म्हणे, "साहेबांना विचारतो, ताई." दर वेळी विचारतो म्हणे. मला वाटे, किती नम्र माणूस.

आमच्या सासूबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणे. मीही अक्काच म्हणायची. त्या शेवटपर्यंत अहिराणी बोलल्या. स्लॅबवरची पोती पाहून त्या रोज एकदा आभाळाकडे बघायच्या. मला वाटायचं, नामस्मरण करतात.

मग श्रावण लागला. वाऱ्यानं दोन पोती स्लॅबवरून सरकली, थेट खालच्या उघड्या गटारीत फुटली आणि सगळे पोपट वाहत जाऊन गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मोरीत अडकले. सकाळी उठून पाहते तो गटारीचं पाणी आमच्या ओट्याला लागलेलं, त्यावर हिरवेगार पोपट, चोचीत बादली घेऊन, तरंगत.

अक्का कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"तुनी कंपनी कोठे शे वं? तिले सांग, तुना पोपट मना दारमा बुडी राहिना!"

इथे मला कानबाईबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन अडलं. आमच्या खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाचा मुखवटा, नथ, दागिने, नवी साडी. सगळी भाऊबंदकी जिथे असेल तिथून येते. सोमवारी कानबाई डोक्यावर घेऊन वाजतगाजत पांझरा नदीवर विसर्जनाला न्यायची. आमच्या भाऊबंदकीची कानबाई अक्कांच्या सासूपासून आमच्याच घरी बसत आलेली. अक्कांना दुसरी इस्टेट नव्हती. दागिने नव्हते, शेत दिरांकडे गेलेलं. कानबाई आपल्या घरी बसते, हीच त्यांची श्रीमंती. श्रावणात त्या गल्लीतून चालायच्या तेव्हा दोन बोटं उंच वाटायच्या.

आणि कानबाईचा असतो रोट. घरातल्या, भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचा, दळायचा, त्याचे जाड पुरणाचे रोट करायचे. तो रोट कुटुंबानंच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही. ताटात टाकायचा नाही. खाल्लेले हातसुद्धा अंगणातल्या खड्ड्यावर धुवायचे, म्हणजे कण बाहेर जायला नको. आणि पौर्णिमेच्या आत सगळा संपवायचा. ज्यांनी केला त्यांनीच संपवायचा. आमच्याकडे एवढा साधा कायदा.

त्या सकाळी गटारीचा वास घेत माझे चुलत सासरे आले, दोन घरं सोडून राहणारे. सगळे त्यांना नाना म्हणत. नानांनी त्या वर्षी ओट्याला नव्या फरश्या बसवल्या होत्या, गुळगुळीत, लाल. आल्यागेल्याला ते त्यावर बसवून विचारत, "थंड लागतं ना?" त्या फरश्यांवर कोणाला बसवायचं त्यांच्या मनात होतं, ते अक्कांना फरश्या येण्याआधीच कळलं होतं.

"वहिनी," नाना म्हणाले, "कानबाई डोक्यावर घेऊन या घाणीतून काढायची का? मोरी मोकळी करा, आणि वरची पोतीही गल्लीतून गेली पाहिजेत. सोमवारपर्यंत. नाहीतर पुढच्या वर्षापासून कानबाई माझ्या ओट्यावर."

अक्कांनी पदर घट्ट खोचला. आमचे हे शाळेत निघाले होते. घरातल्या भांडणात ते शिट्टी विसरून आलेल्या पंचासारखे असत. "बघा बुवा तुम्ही," म्हणाले आणि सायकलवर टांग टाकली.

मोरी आम्ही बायकांनी काठ्या घालून मोकळी केली. निघालेले पोपट परत पोत्यांत भरले. पण पोती न्यायची कुठे? कचरागाडीचा पत्ता नव्हता. जाळून पाहिलं, तर असा काळा धूर निघाला की वहिनींच्या पापडांना त्याचा वास लागला आणि त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं.

शनिवारी अक्का रोटाचे गहू काढायला बसल्या. सूप, गव्हाची कोठी, आणि साक्षीला नाना, दरवर्षीसारखे. एकेकाचं नाव घेऊन अक्का सव्वा मूठ सुपात टाकत होत्या. मी शेजारी बसून मुसमुसत होते.

"कसाले रडस?" अक्कांनी विचारलं.

"साहेब म्हणाला होता, कंपनी म्हणजे कुटुंब. आणि आता कोणी विचारत नाही."

अक्कांची मूठ हवेत थांबली.

"कुटुंब? तो सोता म्हने?"

"हो. माइकवर."

अक्कांनी कोठीत हात घातला, मूठभर गहू काढले, वर पाव मूठ घातले आणि सुपात सोडले. "मंग हाई मूठ कंपनीनी."

नाना ताडकन उठले. "वहिनी! कंपनी काय पुरुष आहे? गोत्र काय तिचं?"

"तूच इचार त्याले. उद्या रोट खावाले ई राहिना तो."

साहेब रविवारी येणारच होता, हे खरं. खप वाढवल्याबद्दल मला बक्षीस द्यायला. अक्कांना ते माझ्याच तोंडून कळलेलं. मी ते गल्लीत चारचौघींत सांगितलं होतं, बिल्ला पुसत पुसत.

नानांनी बोट उचललं. "ठीक. बाहेरच्याला रोट घालता ना? मग त्यालाही रोटाचा कायदा. त्याच्या वाट्याचं काही, एक कण जरी, बाहेर पडलं, पुनवेच्या आत संपलं नाही, तर कानबाई माझ्याकडे. चालेल?"

"चाली," अक्का म्हणाल्या. आयुष्यभराची श्रीमंती त्यांनी एका शब्दात पणाला लावली, तीही एका टायवाल्या पोराच्या भरवशावर, ज्याला त्यांनी पाहिलंही नव्हतं.

रविवारी संध्याकाळी कानबाई बसली. नथ, हिरवी साडी, फुलांचा वास. घरात पाय ठेवायला जागा नाही, आणि जीप आली. बॉनेटवर मोठा प्लास्टिकचा पोपट. साहेब उतरला, मला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं (त्यातही पोपट, काट्यांच्या मागे) आणि लगेच निघू लागला.

"बस, भाऊ," अक्का म्हणाल्या. "घरना माणूस तू."

साहेब खूश झाला. पाटावर मांडी घालून बसला. रोट, गंगाफळाची भाजी, खीर. आमचा रोट म्हणजे काय चीज असते ते त्याला ठाऊक नव्हतं. एका रोटात तो घामाघूम झाला, दुसऱ्यात टाय सैल केला.

"मावशी, आता बस. राहू द्या हे."

"ताटमा काहीच ठेवानं नही, भाऊ."

"पण माझ्यानं..."

"घरना माणूसले संपाडनंच पडस," अक्का शांतपणे म्हणाल्या आणि वर तूप सोडलं.

नाना समोरच बसले होते, त्याच्या ताटाकडे मांजरानं उंदराच्या बिळाकडे पाहावं तसे बघत. साहेबानं डोळे मिटून शेवटचा घास गिळला. अक्कांनी त्याला धरून अंगणातल्या खड्ड्यापाशी नेलं आणि स्वतः हातावर पाणी घातलं. हात पुसून त्यानं वळून पाहिलं, तर जीपपाशी पोती उभी होती. गल्लीतल्या सगळ्या बायका पोत्यांमागे.

"हे काय?"

मी बिल्ला सरळ केला. "रिकाम्या पिशव्या, साहेब. धुतलेल्या आहेत. पोपट वर आहे."

तो हसला. कोणीच हसलं नाही, मग तोही थांबला. "अहो ताई, कंपनीची जबाबदारी माल ग्राहकाच्या हातात पडेपर्यंत. त्यानंतर कंपनीचा काही संबंध नसतो."

मी हे अक्कांना समजावून सांगितलं. अक्कांनी एका पोत्यातून पिशवी काढली, तळहातावर ठेवली आणि हात त्याच्या नाकापुढे धरला.

"मंग? अजून हातमाच शे."

पोटात दोन रोट असलेल्या माणसाला वाद घालता येत नाही. बायकांनी पोती जीपमध्ये कोंबली, उरलेली टपावर बांधली.

"पुनीना पहिले बठ्ठं संपाले पाहिजे, भाऊ. कानबाईनी आण शे," अक्का म्हणाल्या. बठ्ठं म्हणजे सगळं, रोटाबरोबर त्याच्या वाट्याची पोतीही.

"हो मावशी, हो," म्हणत तो मागच्या सीटवर दोन पोत्यांच्या मधे शिरला. उद्या शिरपूरला बैठक आहे म्हणाला. जीप गेली. सोमवारी मोकळ्या गल्लीतून कानबाई वाजतगाजत पांझरेवर गेली, आणि अक्का फुगडी खेळल्या. मी घरी येऊन घड्याळ भिंतीवर लावलं. त्या रात्री मला इतकी शांत झोप लागली की बिल्ला काढायलाही विसरले.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी राखीसाठी माहेरी निघाले. धुळ्याहून शिरपूर, चोपडा करत जाणारी एसटी. नवी अबोली साडी, हातात मिठाईचा पुडा. पुढच्या बाकावर नाना; त्यांची बहीण शिरपूरला. बसताना मान हलवून म्हणाले, "पाहुण्यानं संपवलं का?"

"संपवलं असेल की," मी म्हणाले. नाना खिडकीला डोकं टेकून घोरू लागले.

सोनगीर आलं. किल्ल्याच्या खालच्या अंगाला, हायवेच्या कडेला बाभळी आहेत. त्या बाभळींना त्या दिवशी हिरवी फळं लागली होती. मी म्हटलं, बाभळीला कधीपासून... आणि मग फळाच्या चोचीत बादली दिसली.

झाडभर पोपट! काट्याकाट्याला एकेक, वाऱ्यावर फडफडत, आणि खाली आमची पोती. काही फाटलेली, काही तशीच सुतळी बांधलेली. साहेबानं शिरपूरला जाताना ओझं हलकं केलं होतं.

पहिल्यांदा मी काय केलं असेल? हात लांब करून नानांच्या खिडकीची झडप खाली ओढली. आणि मग ओरडले, "थांबवा हो, गाडी थांबवा!"

झडप पडल्याच्या आवाजानं नाना जागे झाले. "काय झालं, सूनबाई?"

"मळमळतंय. उतरते मी. तुम्ही जा पुढे."

माझा हिशोब असा की नाना जातील, मी पोती कुठेतरी लपवेन. पण नाना जुन्या वळणाचे गृहस्थ. घरची सून हायवेवर एकटी सोडून जाणं त्यांच्यात बसत नव्हतं. "अशी कशी जाऊ?" म्हणत पिशवी घेऊन माझ्यामागे उतरले. एसटी निघून गेली. धूळ खाली बसली, आणि आम्ही दोघं बाभळींसमोर उभे.

नानांच्या चेहऱ्यावर हळूहळू लाल फरश्यांचं तेज आलं.

"रोट बाहेर पडला!" ते म्हणाले. "बोल. पडला की नाही? कानबाई माझी!"

माझे डोळे भरून आले. अक्का दारात उभ्या असतील, पुनवेचा चंद्र बघत, असं काहीतरी डोळ्यांपुढे आलं, आणि त्या रडक्या अवस्थेत माझ्या तोंडून आयुष्यातलं एकमेव शहाणपणाचं वाक्य निघालं.

"नाना, रोट तर तुम्हीही खाल्ला. एका भाऊबंदानं कण सांडला तर दोष एकट्याला लागतो की सगळ्या भाऊबंदकीला?"

नानांचं तेज विझलं. कायदा त्यांना माझ्यापेक्षा चांगला माहीत होता. कारण तो सांगण्यातच त्यांचं वय गेलं होतं. दोष सगळ्यांना. म्हणजे त्यांनाही, आणि दोष लागलेल्याच्या ओट्यावर, फरशी कितीही थंड असली, तरी कानबाई कशी बसणार?

त्यांनी टोपी काढून खिशात घातली, धोतराचा सोगा खोचला आणि म्हणाले, "त्या उंच फांदीवरचे मी घेतो. तू खालचे घे."

माझी अबोली साडी तीन बाभळींनी वाटून घेतली. एक मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ पाहत होता. शेवटी त्यानं विचारलं, "आबा, हाई काय तोडी राहिनात?"

"पोपट," नाना फांदीवरून म्हणाले.

तो मेंढ्या घेऊन जरा लांबून गेला.

पोती भरली, पण पुनव उद्यावर. साहेबाचा पत्ता नाही. मी म्हटलं, कंपनीचं गोदाम जळगावला आहे. नानांनी हायवेवर उभं राहून जळगावला जाणारा एक रिकामा ट्रक थांबवला, आणि आम्ही पोत्यांवर बसून निघालो. वाटेत ओळखीचं गाव आलं की नाना टोपीनं तोंड झाकत.

गोदामात एक कारकून होता, पंख्याखाली चहा पीत. आम्ही पोती उतरवली. त्यानं आधी आमच्याकडे पाहिलं नाही. मग माझा बिल्ला त्याच्या नजरेस पडला आणि तो उठून उभा राहिला. बिल्ल्याचं सार्थक तेवढं एकदाच झालं.

"प्रतिनिधी का? बोला ताई."

"या तुमच्या पिशव्या. परत घ्या."

"रिकाम्या परत घ्यायची कंपनीची पद्धत नाही." त्यानं एक पिशवी उचलून उजेडात धरली. "ही वरून उघडी आहे."

"हो."

"म्हणजे फुटकी निघाली?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात नानांनी माझ्या पायावर पाय दिला. "फुटकी," नाना म्हणाले.

"आतली पावडर?"

"सांडली."

"सगळी?"

"एक कण शिल्लक नाही," नाना म्हणाले, आणि हे मात्र अगदी खरं होतं, कारण आम्ही त्या धुतल्या होत्या.

कारकुनाचा चेहरा उजळला. "मग असं सांगा ना! फुटका माल कंपनी बिनबोभाट परत घेते. ती कंपनीची जबाबदारी आहे." त्यानं हमालांना हाक मारली. पोती आत गेली. नानांनी हुश्श केलं. आम्ही निघणार, तर हमाल आतून खोकी घेऊन बाहेर येताना दिसले.

"हे काय?"

"बदली माल. जेवढ्या फुटक्या, तेवढ्या नव्या. भरलेल्या."

"नको आम्हाला!" मी आणि नाना एकदम ओरडलो.

"असं कसं? ग्राहकाचं नुकसान कंपनी होऊ देत नाही. बदली नेणार नसाल तर फुटका माल मला घेता येणार नाही. पोती परत न्या."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी नानांकडे पाहिलं. बाहेर कंपनीचा टेम्पो सुरू झाला.

संध्याकाळी टेम्पो देवपुरात आमच्या दारात उभा राहिला. खोकी उतरली. ओटा भरला, पडवी भरली. अक्का बाहेर आल्या. माझी फाटकी साडी पाहिली, नानांच्या धोतराला अडकलेले बाभळीचे काटे पाहिले आणि मग एक खोकं उघडून पाहिलं. आत ओळीनं पोपट, गुबगुबीत.

"हाई काय वं? रिकामं दिधं नि भरेल लई उनी?"

मी सगळं सांगून टाकलं. अक्का नानांकडे वळल्या. आता नाना म्हणू शकत होते की पाहुण्यानं रोट टाकला. पण मग सगळ्या भाऊबंदकीला हेही सांगावं लागलं असतं की शिरपूरला राखी बांधून घ्यायला निघालेले आपण सोनगीरला झाडावर होतो. नाना आपल्या लाल फरश्यांकडे बघत राहिले. "जुनं होतं ते पुनवेच्या आत गेलं, वहिनी," ते शेवटी म्हणाले. "कंपनीनं संपवलं. हे नवं आहे."

कानबाई आमच्याकडेच राहिली.

टेम्पोचा ड्रायव्हर चहासाठी थांबला होता. अक्कांनी गव्हाची दुसरी, रिकामी कोठी ओढून ओट्यावर आणली, विळी घेतली आणि पिशवी कापून पावडर कोठीत ओतायला सुरुवात केली. हाक मारताच गल्लीतल्या बायका विळ्या, कात्र्या घेऊन आल्या. वहिनीही आल्या, आणि माझ्याशी बोलल्या. चहा संपला, मग दुसरा चहा संपला, मग ड्रायव्हरला जेवायलाच बसवलं, तोवर सगळ्या पिशव्या रिकाम्या झाल्या. अक्कांनी त्या त्याच खोक्यांत भरून त्याच टेम्पोत ठेवल्या.

"सांग तिथे," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "फुटेल निंघन्यात."

गल्लीला पुन्हा डबा मिळाला. ज्याला हवी त्यानं डबा आणावा, अक्का मापानं पावडर घालत. पुढच्या आठवड्यात टेम्पो आला, बदली माल घेऊन. आम्ही कापला, ओतला, परत दिला. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. ड्रायव्हर आता येताना भाजी आणायचा, स्वयंपाकाला मदत म्हणून. देवपुरात इतके पांढरेशुभ्र कपडे मी आधी पाहिले नव्हते, नंतरही नाहीत. कंपनीला एवढंच दिसत होतं की धुळ्याला माल फार जातो आणि फार फुटतो.

असं काही महिने चाललं. मग जळगावहून निरोप आला की तक्रारीची गंभीर दखल घेण्यात आली आहे. मला वाटलं, आता पिशव्या बंद. डबे येतील. मी बिल्ला पुन्हा घासून ठेवला.

कंपनीनं पिशवी जाड केली.

इतकी जाड की विळीला धार लावावी लागे. आणि जाड पिशवी फुटत नाही, म्हणून बदली माल बंद, म्हणून टेम्पो बंद. मी बिल्ला डब्यात टाकला आणि प्रतिनिधीपण सोडलं. साहेबाची बदली दूर कुठेतरी झाली होती, वरच्या जागेवर.

पुढच्या श्रावणात अक्का पुन्हा सूप घेऊन बसल्या. साक्षीला नाना. या वर्षी ते नारळ स्वतः घेऊन आले होते, पांझरेच्या पलीकडून, चांगला शेंडीचा पाहून. एकेकाचं नाव झालं. सगळे भाऊबंद संपले. सवयीनं अक्कांचा हात कोठीत गेला, मूठ बाहेर आली.

"कंपनीची का?" नानांनी विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होते.

अक्कांनी मूठ उघडून गहू पाहिले.

"खावाले उनी," त्या म्हणाल्या. "संपाडाले नही उनी."

आणि त्यांनी ते गहू सुपात न टाकता अंगणात उधळले. चिमण्या आल्या. नानांनी चिमण्यांकडे पाहिलं, सूप उचललं आणि ते गिरणीकडे निघाले.